दोरीचं दुसरं टोक

मी चामोर्शीकडचा, धानाच्या बांध्याईत, म्हणजे भातखाचराईत वाढलेला, शाळा शिकलो म्हणून ग्रामसेवकाची नोकरी लागली. पहिले ट्रेनिंग झालं. तिथी जपानी पद्धतीचा रोवणा शिकवला, म्हणजे धानाचे परे, रोपं हो, मन मानल तसे नाई खोसायचे, दोरी ताणायची अन् तिच्या ओळीनं लावायचे. मले ते भल्लं आवडलं.

मंग मले धाडलं मुलचेऱ्याकडं, जंगलातल्या गावात. काय सांगू तुमाले, माणसं होती पण माह्यासंगं बोलाले कोणी नाई, सरकारी माणूस म्हणून मी आलो का गप होत. संध्याकाळी आपला भात शिजवो अन् भिंतीकडं पाहत खाओ. लय एकटं वाटे, खोटं काऊन सांगू.

सोमाभाऊ नावाच्या शेतकऱ्यानं एक बांधी देली, म्हणे कर तुले काय करायचं ते. पण दोरीले टोकं दोन अन् मी एकटा. एकीकडं खुटा ठोकला, त चिखलात खुटा राह्यते का? मी इकून ताणो, तिकून खुटा उपडून ये. चिंधाबाई रोवणाऱ्या बायाईची म्होरकी, ते म्हणे, बाबू, धान लावून राह्यला का म्हशी बांधून राह्यला? बाया हासत अन् दुसऱ्या बांधीत आपल्या रीतीनं भराभर रोवत मागं सरकत. माह्या बांधीचे परे पिवळे पडाले लागले. मी ठरवलं, ही एक बांधी ओळीनं लागली नाई त नोकरी सोडून घरी जायचं.

त्याच हप्त्यात आमचे साहेब आले, सायकल ढकलत. मले वाटलं, विचारतीन किती काम झालं. त्याईनं ते नाई विचारलं. म्हणाले, ट्रेनिंगमंदी दुसरं टोक कोण धरे? म्हटलं, जोडीदार. साहेब म्हणाले, अन् इथी? मी खुट्याकडं बोट दाखवलं, माह्या डोळ्यात पाणी आलं. साहेबानं जोडे काढले, पॅन्ट गुडघ्यावरी चढवली, खुटा उपटला अन् टोक हातात धरलं. साहेब चिखलात उभा पाहून चिंधाबाई हासणं विसरली, परे घेऊन ओळीले लागली, मंग बाकीच्या बी लागल्या. अर्धी बांधी झाली त साहेबानं टोक सोमाभाऊच्या हाती देलं. म्हणाले, भाऊ, मी उद्या नाई, तुमी धरा, पुढच्या हप्त्यात पाहाले येतो. अन् पुढच्या हप्त्यात खरंच पाहाले आले.

बांधी पुरी लागली. त्या संध्याकाळी चिंधाबाईनं मले आंबील देली, तिच्या अंगणात बसून पेलो. मंग बदल्या झाल्या. मीबी साहेब झालो, नवीन पोरगा शिकून आला का पहिल्या दिवशी त्याच्यासंगं चिखलात उतरो.

आता माही बाई गेली, पोरं नागपूरले. धोतर वाळवाची दोरी पाहा कशी लोंबून राह्यली, एकट्यानं ताणल्या जात नाई. तुमी इतका वेळ बसून ऐकलं, देव तुमचं भलं करो. उठलेच आहा त जरा ते टोक धरा.