सायकलची किल्ली

माझ्या काचेच्या शिल्पांचं प्रदर्शन परदेशात लागल्यापासून जो येतो तो एकच विचारतो, "तुमची भट्टी किती तापते हो?" विचारा की! पण एका बाईने आगीबद्दल विचारलं, ते वेगळंच होतं.

अंबरनाथला माझ्या शेडमागच्या केमिकल कंपनीत स्फोट झाला, त्यानंतरची गोष्ट. ती शेडमध्ये आली आणि म्हणाली, "ताई, तुमचं आगीचंच काम. आगीत माणसाचं काहीच उरत नाही का? माझा नवरा आत होता. कंपनीवाले म्हणतात, सायकल गेटवर टाकून पळून गेला असेल."

मी विचारलं, "त्याच्याजवळ लोखंडाचं काही होतं?"

"सायकलची किल्ली. खिशातच असायची."

काचेच्या चुऱ्यातून लोखंड वेचायला माझ्याकडे मोठं लोहचुंबक आहे. कंपनीने स्फोटाची सगळी राख मागे नाल्याकाठी ओतली होती. तिथे आम्ही दोघी चुंबक फिरवत बसलो. खिळे आले, बोल्ट आले, तारा आल्या. शेवटी एक काळी पडलेली किल्ली चिकटून आली.

सायकल अजून गेटजवळ कुलूप लावलेलीच होती. वॉचमन म्हणाला, "अहो, सायकलच्या किल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात." मीही मनात म्हणत होते, ही किल्ली लागू नये, कुठेतरी जिवंत असू दे तो.

तिने पदराने किल्ली पुसून कुलपात घातली. खट्कन कुलूप उघडलं.

ती वॉचमनकडे वळली. "तुमच्या साहेबांना सांगा, पळून नव्हता गेला."