पान बारावरची बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मनोरुग्ण विभागाचे प्रमुख डॉ. योगेंद्र मोकाशी सर, संस्थेचे विश्वस्त माननीय प्रभाकरराव, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या परिचारिका भगिनी, वॉर्डातले मामा-मावश्या आणि बोरगाव मेघेहून ऑटो करून आलेले माझे शेजारी, आपणा सर्वांना सुलोचनाचा नमस्कार.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी माइकसमोर उभं केलं नव्हतं. आज केलंत, आभारी आहे. निवृत्त होणाऱ्या बाईनं चार गोड शब्द बोलावेत, अशी रीत आहे. पण गोड शब्द मघापासून पुष्कळ झाले.

मघाशी प्रभाकररावांच्या हस्ते सरांच्या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. रुग्णाची भाषा, चालीरीती समजून घेऊन उपचार कसे करावेत, याची पुस्तिका. चांगली आहे, मी वाचली. पान बारावर सर लिहितात, की खेड्यातल्या बाईला तारीख न विचारता सणावारावरून दिवस विचारावा. पूर्वी ‘एका ग्रामीण स्त्री’च्या बाबतीत यावरून गैरसमज झाला होता. गैरसमज कुणाचा झाला, ते मात्र छापायचं राहून गेलं. त्या स्त्रीचं नावही राहिलं. तिला विचारूनच सांगते. तिचं नाव नलू, माहेर तळेगाव श्यामजी पंत.

शहाण्णव सालचा भाद्रपद. सर तेव्हा नुकतेच पुण्याहून आले होते. चोवीस वर्षांच्या नलूला तिचा नवरा कैलास घेऊन आला. तिचं चार महिन्यांचं बाळ तापानं गेलं होतं. ती जेवत नव्हती, झोपत नव्हती. सरांनी विचारलं, आज तारीख काय? ती म्हणाली, “पोळा होऊन आठ दिस झाले, साहेब. काल घरोघरी महालक्ष्म्या बसल्या, आज त्यायचं जेवण. माह्या घरी यंदा बसवल्या नाई. लेकरू गेलं ना.”

याहून अचूक दिवस कुणी सांगावा? सरांनी लिहिलं, दिवसाचं भान नाही.

मग नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “अंकिताचे बाबा.” अंकिता तिची थोरली, तेव्हा पाच वर्षांची. सरांनी दोनदा विचारलं, ती खाली बघत राहिली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मी सांगायला गेले. सर म्हणाले, “सिस्टर, तपासणी मी करतोय. तुम्ही इंजेक्शन भरा.”

मी इंजेक्शन भरलं.

शेवटी विचारलं, कानात आवाज येतात का? “येते ना, साहेब. रडून राह्यला तो. मी उठून पाह्यतो त पाळणा खाली, आत कोणी नाई.” बाळ गेलेल्या किती आयांनी मला हेच सांगितलंय, मी मोजलेलं नाही. सरांनी स्किझोफ्रेनिया लिहिलं.

अकरा आठवडे ती वॉर्डात होती. गोळ्यांनी तोंडातून लाळ गळायची, हात थरथरायचे. एकदा मला म्हणाली, “सिस्टर, मले आता त्याचा चेहरा आठवत नाई. हे चांगलं झालं का वाईट?” 

पुढे सरांचंच सर्टिफिकेट घेऊन कैलास कोर्टात गेला. बायको वेडी आहे, फारकत द्या, मुलगी माझ्याकडे ठेवा. नलूचा भाऊ तानबा माझ्या घरी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. “बाई, तुम्ही तिथंच होत्या ना? मंग काऊन नाई बोलल्या?”

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये वर्ध्याच्या कोर्टात सरांची साक्ष झाली. नलूच्या बाजूनं भूपेंद्र वकील होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “डॉक्टरसाहेब, आज तिथी कोणती?” सर म्हणाले, “मी तिथी पाहत नाही.” “बरं. आपल्या जिल्ह्यात पोळा कोणत्या तिथीला असतो?” “ते मला माहीत नाही.” “मग साक्षीदाराला दिवसाचं भान नाही, असं लिहून घ्यायचं का?” सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनीही हसू लपवायला मान खाली घातली.

सर, त्या दिवशी परत आल्यावर तुम्ही चहा मागवलात. म्हणालात, त्या वकिलाला कुणीतरी शिकवलेलं दिसतंय. तो चहा तुमच्या टेबलावर मीच ठेवला होता. ते प्रश्नही माझेच होते. ड्यूटीच्या कागदामागे लिहून मी ते तानबाच्या हाती दिले होते. कोर्टात मागच्या बाकावर बसले होते, तुमचे कान लाल होईपर्यंत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सात वर्षं झाली, अजून वाटत नाही.

न्यायाधीशांनी दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी करवली. नलू शहाणी ठरली, कैलासचा अर्ज फेटाळला गेला. मुलगी आईकडे आली. पण मधे अडीच वर्षं गेली होती. अंकिता पहिले कितीतरी दिवस आईला “मावशी” म्हणत होती. ते कोणतं कोर्ट भरून देणार?

दोघी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी दारात सरांनी त्यांना नमस्कार केला. ओळखलं नाही.

आता आभार. सोबतिणींचे, मामा-मावश्यांचे, जेवण रांधणाऱ्यांचे आणि इतकं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते जाणूनबुजून दुखावलंय, त्याची माफी मागत नाही. माफी फक्त एकीची मागते. नलू, त्या दिवशी मी सुई भरत बसले, बोलले नाही. जमलं तर पोटात घाल.

यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. सर, मी समोर बसून ऐकते. आज मला ड्यूटीवर जायचं नाही.