फिटर: बाहेर

...अहो घाबरताय कशाला, पाना शोधतोय ना मी — दाजी आत एकटे आहेत म्हणून काय झालं, शीतगृह आहे ते, वाघाची गुहा नाही. बसा त्या खुर्चीत. तोवर हा कॉम्प्युटरचा पडदा बघा, दाराचं हे सगळं मी लिहिलंय. दाराला डोळे नसतात, त्याला नुसता मजकूर कळतो — एक सरळ ओळ. म्हणून मी जोड्या लावतो, डावीकडे कोण, उजवीकडे कुठे. 'हमाल: बाहेर', 'फिटर: आत'. कार्ड लावलं की जोडी बदलते, सगळ्या जोड्या एका ओळीत ओवल्या जातात आणि ओळ दाराकडे जाते. ओळीत कुठेच 'आत' दिसलं नाही, की दार जरा वाट बघतं, कुलूप घालतं आणि गारठवणारे मोठे पंखे सोडतं. मग सकाळपर्यंत माझ्या बापाचंही ऐकत नाही.

नावं? नावं कशाला घालायची — माणसं येतात जातात, हुद्दा तोच राहतो. एका हुद्द्याची एकच जोडी, नवी आली की जुनी पुसली. कसं सुटसुटीत. त्या म्हाताऱ्या हमालाच्या वेळी सुपरवायझर उगाच बोंबलला — दोघे हमाल आत होते, एक पाणी प्यायला बाहेर आला, त्यानं कार्ड लावलं, आणि... हृदय कमजोर होतं हो म्हाताऱ्याचं. दाराला आतून ओरखडे होते म्हणे — म्हणे हं, मी कुठं बघायला गेलो? रंग तेवढा द्यायला लावला मी, लगेच. त्याची बायको इथंच, याच खुर्चीत — जाऊ दे. दुरुस्ती करणार आहेच मी. पण चालत्या गाडीला खीळ कोण घालतो? आणि एकाच हुद्द्याची दोन माणसं एकदम आत, असं रोज थोडंच होतं?

हा घ्या, सापडला पाना. मघाशी बाहेर येताना कार्ड लावलंत ना? — छान, नियम म्हणजे नियम. लोक नेमकं तेच विसरतात, आणि मग...

थांबा. ही ओळ कधी गेली? 'हमाल: बाहेर, फिटर: बाहेर'.

पंखे वाजताहेत का हो?

दाजी तुमचे — तेही फिटरच ना?