वहीतली ग्रामसभा

ग्रामसेवक साहेब, ग्रामसभा तुम्ही भरवलीच नाही, सह्यांची वही तेवढी घरोघर फिरवलीत. लोणावळ्याला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे आमच्याच गावच्या दोघी होत्या, शेळ्या पाळणाऱ्या नंदाबाई आणि प्राध्यापक अरुंधती.

"पोरी, पुस्तक कशावर लिवलंस?"

"इंडोनेशियातल्या लोकशाहीवर, मावशी. डच गेले, निवडणुका आल्या. पण मी राहिले त्या गावात सभा कागदावरच व्हायची."

"म्हंजी?"

"लोक घरी बसून सह्या करायचे. दोन वर्षं लागली मला हे शोधायला."

"लय लांब गेलतीस गं. आपलं गायरान रिसॉर्टला द्यायचा ठराव झालाय. वहीत तुजी सही हाय."

"माझी?"

"शिपाई आलता की तुज्याकडं."

"अगं बाई! तेव्हा मी पुस्तकातलं तेच प्रकरण लिहीत होते. न वाचताच केली."

"मी अंगठा न्हाई दिला. म्हनलं, आदी वाचून दाव. आता माज्या शेळ्या कुटं चरायच्या, तुज्या पुस्तकात?"

मी मान खाली घातली. जगाला शिव्या घालणाऱ्या माझी सही अरुंधतीच्या खालीच आहे, तीही झोकदार. आम्ही दोघं गाढव, हे लेखी देतो. तुम्ही लेखी द्या, साहेब: ती सभा कुठं आणि कधी भरली?