पोळ्याच्या दिवशीची निवड

…नाई, उभाच राह्य बे कडूबा, बैठकीत चिखल होते. काय इचारलं तू? न खेळता माहा इंद्रभान नागपूरले कसा चालला? काऊन, लई नवल वाटलं? सोनाळ्याच्या मळ्यात वांग्यांले पानी देता देता बॉल लाथाडला म्हनजे फुटबॉल समजला असं नसते बाबू — त्याच्यात कायदा असते कायदा. आता पाह्य, पुढच्या साली ब्राझीलले साऱ्या जगाची स्पर्धा हाये, पेपरात आलं. आपल्या देशाच्या गटात कोन? ब्रह्मदेश, फिलिपाइन्स, असे दोघं-तिघं. अन् तेच म्हने एकेक जन नाव मागं घेऊन राह्यले. मंग आपला नंबर कसा लागन? सांग ना! एक गोल नाई, एक लाथ नाई — समोरचा आला नाई, आपन पुढं. देशाले चालते, अन् तुले चालत नाई? मोठा आला!

तसंच हे. प्रांताच्या निवडीसाठी जिल्ह्यातून एकच गडी धाडा म्हनून नागपूरचं पत्र आलं. सारं खामगाव मले नारायणराव शेक्रेटरी म्हनते, ते काय उगंच? नावं चार — जळगाव जामोदचा शालिग्राम, पिंपळगाव राजाचा निवृत्ती, तू, अन् इंद्रभान. तारीख मीच धरली. पोळ्याची. हाव, पंचांग पाहूनच धरली! आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकले, का त्या खांदशेकनीपासून त्याच्या मानेवर जू कोन ठेवते? कोनीच नाई. भादव्याच्या तोंडावर सातपुड्याखालच्या चिखलात मोटर येते? नाई येत. अन् बैलाले पुरनपोळी चारायची सोडून पोराले फुटबॉलले धाडन, असा बाप वऱ्हाडात जलमला का अजून? डोस्कं लागते बे, नुसते पाय असून भागत नाई. दोघं बसले घरी बैलांचे शिंगं रंगवत — बाद. राह्यला तू. तू बी बाद.

काय? तू आला होता? काल सकाळपासून मैदानावर होता? सोनाळ्याहून पायी — दोन दिवस? अरे वा! मंग, साक्षीदार कोन? मैदानावर कुत्रं नव्हतं, मीच कोनाले बोलावलं नव्हतं तं असन कसं? मी तं तुले पाह्यलंच नाई. तो निळा सदरा, अन् तो तुहा ठिगळाचा बॉल, अन् कोपऱ्यावरून डाव्या पायानं असा वळवला का थेट गोलात — दहादा मारला अन् दहाही येळा…

…बरं, दिसते आमच्या माडीवरून मैदान. दिसला म्हनून काय झालं? चहा थंडा झाला माहा, पन उठवलं नाई तिथून. तीस वर्सं झाले फुटबॉल पाहून राह्यलो, कामठीले पल्टनीच्या गोऱ्यांची टीम पाह्यली, पन असा डावा पाय — जाऊ दे. इंद्रभान बाजूले उभा, म्हनते, बापू, त्याले वर बोलवा. कानफटात ठेवून देल्ली एक! त्याच्याच्यानं साधा बॉल अडत नाई, मले का मालूम नाई? पन बापाचं काई नाव हाये का नाई गावात? वांगेवाल्याचं पोरगं पेपरात येईन, अन् माह्या पोरानं काय काठावर उभं राहून टाळ्या पिटाच्या? पाह्यवलं नसतं मले. नसतंच पाह्यवलं.

हे काय काढलं खिशातून? चिठ्ठी? इंद्रभाननं देल्ली? कवा? आज सकाळी, दारातच? दे इकडं… 'मी नागपूरले जात नाही. माझं नाव काढा अन् कडूबाले धाडा.' सही बी केली कारट्यानं, अशी ठसठशीत… ह्याच्यासाठी शिकवला त्याले. ह्याच्यासाठी…

अन् तुहा चेहरा काऊन फुलला बे? लागला वाटते नंबर? थांब. आता बस. बस ना, तिथंच, उंबऱ्यावर. लिहू दे मले. पायाकडं पाहू नको, पायाची सूज पाहून उतरत नसते… हां. झालं. वाचून दाखवतो, आयक: 'यंदा आमच्या जिल्ह्यात लायक खेळाडू मिळाला नाही. सबब कोणासही पाठवत नाही.' खाली माही सही, अन् हा ठप्पा. कसं हाये? एक बी चूक नाई.

ए, रडाचं काम नाई इथं, घरात बायामानसं हायेत. पाकीट चिकटलं. तुही वाट पोस्टावरूनच जाते ना? मंग धर. जाता जाता पेटीत टाक, आतमंधी पडलं का नाई ते हात घालून पाह्य.

काऊन? धर ना.

धर म्हनलं.