गंगाजळरावावर नोटीस

नाई नाई, समझोता नाई, वकीलसाहेब. समझोताच करायचा असता तर दिघोरीत बसून केला असता, एसटीत धक्के खात लाखांदूरले कायले आलो असतो? तुमी नोटीस लिहा. मुन्ना सोमाजी, ढिवर मोहल्ला, दिघोरी — लिहा ना! पोट्टा मोबाईलवर सिनेमा बनवते अन् दिवाळीच्या मंडईत, भरल्या जत्रेत, पडदा लावून दाखवते, तोही माझ्यावर, पुंडलिकरावावर! धानाचा एवढा मोठा व्यापारी मी, अन् सारं गाव पोट धरून हसून राहिलं होतं. — नाव? नाव नाई घेतलं, तिथंच तर बदमाशी हाये. सिनेमातल्या बुढ्याचं नाव गंगाजळराव. पण धोतर माझं, मिशी माझी, चालणं माझं. आता लेकरंबी मले गंगाजळराव म्हणून चिडवतात अन् पळतात.

खोटं काय हाये म्हणता? अजी, सारंच खोटं! थो गंगाजळराव मासेवाल्या ढिवराचा फोन आला का मोबाईलवर गंगाजळ शिंपडते. मी कधी शिंपडलं? मी फडक्यानं पुसतो, बस. दुसरं, थो त्या लोकायले करवंटीत पाणी देते. मी स्टीलचा ग्लास ठेवला हाये, चांगला, गोठ्यात खुंटीले टांगून. ज्याचं त्याले वेगळं ठेवलं तर कोणाच्या बापाचं काय जाते? मी जातपात मानत नाई, साहेब. मासे त्यायच्याच हातचे खातो ना — घरी आणून धुतले का झालं.

अन् थे बुडायचं — हाव, बुडलो होतो मी, श्रावणात. तलावाच्या पारीवर शेवाळ, पाय घसरला. सोमाजीनं, ह्याच मुन्नाच्या बापानं, उडी मारून काढलं. तर सिनेमात काय दाखवते हा? गंगाजळराव गळ्यापर्यंत पाण्यात, अन् जो हात देते त्याले इचारते, तुझं आडनाव काय? आडनाव ऐकते अन् वापस पाठवते. म्हणते, ‘थोडा थांबतो मी, आपल्यातला कोणी येईनच.’ अन् मग नुसते बुडबुडे, वरतं टोपी तरंगून राहिली! लोक असे हसले का खुर्च्या पडल्या.

मी सोडत नाई त्याले. औंदा त्यायच्या सोसायटीले मासेमारीसाठी तलाव कसा भेटते तेच पाहतो. सोमाजीनं जाळं विकून खाल्लं पाहिजे. पण त्याच्या आधी मले थो दुसरा पाहिजे, ज्यानं मुन्नाले हे सांगितलं. नोटिशीत पहिलं नाव त्याचंच टाकायचं, गावात उभा राहू देत नाई मी त्याले. — हाव, सांगितलंच कोणीतरी! कारण थे वाक्य... आता वकिलापासून काय लपवायचं, थे वाक्य माझं हाये. पण तलावात नाई म्हणलो मी, घरी म्हणलो, मोरीत. सोमाजीचा हात लागला म्हणून घासून घासून आंग धुतलं, अन् म्हणलो, थोडा थांबलो असतो तर आपल्यातला कोणी आला असता. बस, एवढंच. अन् तिथं होतं कोण? कोणीच नाई. शकुन होती, माझी बायको, पाणी टाकून राहिली होती. दुसरं कोणी नाई.

दुसरं कोणीच...

नाई बाप्पा, ती कायले सांगन? तिचा राग त्या नारळाचा. दुसऱ्या दिवशी नारळ अन् धोतरजोडी घेऊन सोमाजीच्या घरी निघाली होती, मी नारळ हिसकला अन् उकिरड्यावर फेकला. तवा म्हणे, “माझं कुंकू काढलं जी त्यानं पाण्यातून. तुमाले त्याची किंमत नसन, मले हाये.” मग काही बोललीच नाई. मी म्हणलो, बरं झालं, डोक्याले शांती.

थांबा साहेब, लिहू नका. खोडा थे. पहिलं नाव नको... कोणाचंच नको. — नाई, तिले आत नका बोलावू! बाहेर बाकावर बसून हाये ती. सकाळी आपणहून म्हणे, मीबी येते, वकील काय म्हणतात थे मले ऐकायचं हाये. मले वाटलं, माझ्यासाठी येऊन राहिली.

दार नका उघडू, साहेब.