जाड भिंतींचा फ्लॅट

लिफ्ट यायची होती. माझ्या पुढे एक काका आणि त्यांना भाड्याचा फ्लॅट दाखवून आलेला एजंट उभे होते.

“मग काका, पसंत ना? राहणार कोण कोण?”

“मीच. मघाशी मी आत मोठ्यानं खोकलो. बाहेर ऐकू आलं का तुम्हाला?”

“छे! भिंती जाड आहेत. खुशाल खोका, मोठ्यानं रेडिओ लावा. कोणाची तक्रार येणार नाही.”

“आणि शेजारी?”

“दोघंही नोकरीवाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभरात तोंड दिसायचं नाही त्यांचं.”

“बाथरूममध्ये काही पडलं तर?”

“कपाट आडवं झालं तरी पलीकडे कळायचं नाही!”

“आणि माणूस?”

“काय काका, चेष्टा करता गरिबाची!”

“तो खालचा फ्लॅट कसा आहे? सकाळी तुम्ही दाखवायलाच नको म्हणालात तो.”

“तो? अहो, भिंती नुसत्या पुठ्ठ्याच्या! पलीकडे एक आजी आहेत. इकडे चमचा पडला तरी तिकडून हाक मारतात, ‘काय पडलं गं?’ म्हणून. आधीची भाडेकरू वैतागून सोडून गेली.”

“त्यांना अजून नीट ऐकू येतं ना?”